भोकं नसलेली भिंत

हाँगकाँगमध्ये आम्ही तीन दिवस होतो आणि तिन्ही दिवस पाऊस होता. पावसाचं मला काही वाटलं नाही. रत्नागिरीच्या माणसाला ऑगस्टात कोरडं आभाळ दिसलं तरच चुकल्यासारखं वाटतं. मला खटकत होता तो माझा भाऊ. माझ्याहून चार वर्षांनी धाकटा, आमची आंब्याची बाग सांभाळणारा, एरवी बडबड्या माणूस. त्या शहरातली एकही उंच इमारत त्याने मान वर करून पाहिली नाही. तो डोंगर बघत होता. आणि दर दोन-तीन तासांनी घरी फोन लावून बाबांना एकच प्रश्न विचारत होता, "झऱ्याचं पाणी कसं आहे?"

घरी बाबा एकटेच होते. आमचं घर शहराबाहेर, कलमांच्या बागेत, डोंगराला पाठ लावून बसलेलं. मागीलदारच्या कोपऱ्यात डोंगरातून एक झरा येतो, त्यावर पावसाळाभर धुणीभांडी होतात. त्याची चौकशी करायला परदेशातून फोन करावा असं त्यात काही नव्हतं. पहिल्या दिवशी मला गंमत वाटली, दुसऱ्या दिवशी राग आला. राग माझ्या नाकावरच असतो, हे घरातलं शेंबडं पोरही सांगेल.

ही सहल माझ्यासाठी होती. मी एकटी राहते, रत्नागिरीत छोटा फ्लॅट आहे, मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत ऑफिसचं काम बघते आणि शनिवार-रविवार बाबांकडे जाते. लग्न केलं नाही, आईचं आजारपण काढलं, ती गेली, आणि मग एकदम पन्नाशी आली. पासपोर्ट काढून आठ वर्षं झाली होती. आठ वर्षांत त्याचं एक पान मळलं नव्हतं. दर वर्षी काहीतरी निघायचं आणि मी रद्द करायची. त्या वर्षी पंधरा ऑगस्टला जोडून शनिवार-रविवार आला, तेव्हा बाबाच भावाला म्हणाले, "तिला घेऊन जा रे कुठेतरी. दोघंच जा. नाहीतर ती काही जायची नाही."

इतकंच करून ते थांबले नाहीत. सुनेला म्हणाले, तूही मुलांना घेऊन गुहागरला माहेरी जाऊन ये चार दिवस, गणपती आले की मग कुठे जमणार आहे. ती बिचारी खुशीत गेली. मी बाबांची चेष्टा केली. म्हटलं, "सगळ्यांना बाहेर काढताय, बेत काय आहे? दुसरं लग्न लावताय की काय?" बाबा खूप हसले. ऐंशीच्या घरातला माणूस, हसता हसता ठसका लागला त्यांना. तो ठसका मला पुढे पुष्कळ दिवस ऐकू येत होता.

शुक्रवारी दुपारी पोचलो. पासपोर्टवर शिक्का बसणार म्हणून मी हौसेने पान उघडून पुढे केलं, तर तिथे शिक्का मारतच नाहीत, एक छोटीशी चिठ्ठी देतात. तिथूनच माझं तोंड थोडं आंबट झालं. मग हॉटेलात सामान टाकून बाहेर पडलो आणि दुसऱ्याच वळणावर भाऊ थांबला.

त्या शहरात डोंगर घरांच्या मध्येच उभे आहेत. सरळ कापलेले, अंगावर सिमेंटचा लेप दिलेला, आणि त्या लेपात हातभर अंतराने भोकं. प्रत्येक भोकात नळीचा तुकडा, आणि प्रत्येक नळीतून पाणी येत होतं. प्रत्येक उताराला नंबराची पाटीही होती. भावाने छत्री मानेत धरली आणि एका नळीखाली बोटं धरली.

"बघ गो ताई," तो म्हणाला, "पाणी कसं काढून देतात ते."

"बघितलं. चल आता."

तो हलला नाही. त्याने फोटो काढला. मग पुढच्या भिंतीचा काढला, मग त्याच्या पुढच्या. लोक छत्र्या सावरत आम्हाला वळसा घालून जात होते. मी म्हटलं, "समुद्र ओलांडून भिंती बघायला आणलंस होय मला?" तो हसला, पण ते हसणं ओठांच्या वर गेलं नाही.

आमच्या घरामागेही अशी एक भिंत आहे. वीसेक वर्षांपूर्वी आईला मोठं स्वयंपाकघर हवं होतं. पुढे रस्ता, मग वाढवणार कुठे? बाबांनी जेसीबी लावून मागचा डोंगर आत कापला आणि कापलेल्या मातीला चिऱ्यांची उंच भिंत बांधली. गवंडी म्हणाला होता, पाणी जायला मध्ये मध्ये भोकं ठेवू. आईने साफ नकार दिला. त्याच वर्षी तिला पाट्याखाली फुरसं सापडलं होतं. भोकं ठेवली की फुरशी येऊन बसणार, आणि मी तिथे पहाटे उठून चूल पेटवणार, असं तिचं म्हणणं. फुरसं म्हणजे वीतभर साप, पण चावला तर दवाखाना गाठेपर्यंत जिवाची खात्री नाही. बाबांनी गवंड्याला सांगितलं, एकही भोक ठेवायचं नाही. भिंत वरून खालपर्यंत गिलावा केलेली, गुळगुळीत. दर गणपतीला तिला चुना लागायचा आणि आलागेला तिचं कौतुक करून जायचा. मीही करायची. माझ्या आईची ती भिंत होती.

शनिवारी सकाळी पाऊस वाढला. हॉटेलच्या काचेच्या दाराशी पावसाच्या इशाऱ्याची पाटी लावली होती, पिवळी. आम्ही डोंगरावर जाणार होतो, ते राहिलं. बाजारात जाऊ म्हणून निघालो तर फोनवर लाल इशारा आला. गटारांची झाकणं खालून येणाऱ्या पाण्याने खडखडत होती, रस्त्यावर माणसं तुरळक झाली. शेवटी एका चहाच्या दुकानात शिरलो. सहा टेबलं, गल्ल्यावर एक म्हातारी, भिंतीवर टीव्ही. म्हातारीने न बोलता आमच्या टेबलावर एक कोरडा पंचा आणून ठेवला. टीव्हीच्या कोपऱ्यात एक छोटं चित्र सारखं दिसत होतं. त्यात एक उतार आणि त्यावरून खाली येणारे दगड.

भाऊ त्या चित्राकडे बघत होता. त्याच्या पुढ्यातल्या दुधाच्या चहावर साय धरली होती.

"दरड," तो म्हणाला. "त्याचाही इशारा देतात इथे. वेगळा."

मी पंचाने केस पुसत होते. हात तसाच राहिला. त्याचा आवाज मला माहीत आहे. आईचे रिपोर्ट आले तेव्हा तो असाच बोलला होता.

"काय झालंय घरी?" मी विचारलं.

तेव्हा त्याने सांगितलं. कलमांच्या सगळ्यात वरच्या ओळीमागे, म्हणजे बरोबर आमच्या स्वयंपाकघराच्या डोक्यावर, जमिनीला भेग पडली होती. जुलैत त्याला दिसली तेव्हा बोटभर होती.

"आणि आता?"

"निघालो त्या दिवशी हात आत जात होता."

पाणी आत जाऊ नये म्हणून त्याने भेगेवर काळं प्लास्टिक पसरून दगड ठेवले होते. बाबांना सांगितलं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "त्यांना कशाला घाबरवायचं? आणि तुला सांगितलं असतं तर तू आली नसतीस. पाऊस ओसरेल असं वाटलं गो. आणि झरा स्वच्छ वाहतोय तोवर भीती नाही असं म्हणतात. झरा गढूळ झाला, नाहीतर एकदम थांबला, की मग..."

माझं डोकं फिरलं. त्या परक्या दुकानात, लोकांदेखत, मी त्याला खणखणीत मराठीत नाही नाही ते बोलले. म्हातारा बाप डोंगराखाली ठेवून मला इथे इमारती दाखवायला आणलंस? अक्कल काय गहाण टाकलीस? म्हातारीने गल्ल्यावरून मान वर केली. भाऊ सगळं ऐकून घेत होता. त्याने ऐकून घेतलं याचाही मला राग आला.

आणि मग बोलता बोलता मला मागचं दार आठवलं.

"मागीलदारचं दार," मी म्हटलं. "ते लागत नव्हतं."

गणपतीच्या डोक्यावर फळंफुलं बांधायची लाकडी मंडपी टांगायला दर वर्षी सुतार येतो. आदल्या आठवड्यात तो आला, तेव्हा मी त्याच्याकडून स्वयंपाकघराचं मागचं दार रंधून घेतलं होतं. मे महिन्यात ते नीट लागत होतं, जुलैपासून घासायला लागलं होतं. आमच्याकडे पावसात दारं फुगतातच. रंधा मारायचा आणि दिवाळीनंतर फटीतून वारा आला की चरफडायचं, ही दर वर्षीची रीत. एवढं मी त्याला सांगितलं.

"सगळीकडून घासत होतं?" त्याने विचारलं.

"नाही. वरच्या एकाच कोपऱ्यात."

"फुगलेलं दार असं एका कोपऱ्यात घासत नाही, ताई."

बाहेर रस्त्यावरून लाल रंगाचं पाणी वाहत होतं, अगदी आमच्या मातीच्या रंगाचं.

बाबांना फोन मीच लावला. तिकडे सकाळचे साडेनऊ-दहा झाले असतील. मी घाबरवायचं नाही असं ठरवून बोलायला लागले आणि पहिल्याच वाक्यात रडायला आलं. म्हटलं, "बाबा, वर डोंगराला भेग पडलीय, तुम्ही घरातून निघा."

"भेग ना?" बाबा म्हणाले. "मला नको सांगूस. मी जुलैपासून बघतोय ती. दोन बाजूंना दोन खुंटे मारलेत, मध्ये सुतळी बांधलीय. रोज सकाळी जाऊन बघून येतो."

त्या उतारावर, त्या शेवाळावरून, काठी टेकत, रोज सकाळी. भाऊ माझ्या कानाशी कान लावून ऐकत होता. तो दचकला नाही. भीतीने गोठलाय असं मला वाटलं.

"मग सुतळी कशी आहे?" मी विचारलं.

"काल तुटली."

"मग?"

"मग काय, दुसरी बांधली."

भावाने फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "बाबा, झरा?"

पत्र्यावरचा पाऊस फोनमधून ऐकू येत होता, तिकडचा आणि इकडचा असा एकच आवाज. मग बाबा म्हणाले, "सकाळपासून बंद आहे."

एवढ्या पावसात झरा बंद, म्हणजे पाणी आत साठत होतं. हे कळायला इंजिनिअर लागत नाही. भाऊ उभा राहिला, खुर्ची मागे पडली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला बाबांवर ओरडताना ऐकलं. "बाहेर पडा. आत्ता. चपला शोधत बसू नका." बाबांचं आपलं एकच. गणपती बारा दिवसांवर आलेत, घर उघडं टाकून कुठे जाऊ, ही भिंत मी बांधली, मी इथेच आहे. शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. हा माणूस घर सोडायचं विसरला नव्हता, त्याने ते ठरवलं होतं.

मग मी समोरच्या काकीला फोन केला. रस्त्यापलीकडे तिचं घर, नवरा मुंबईला, भाताची शेती ती एकटी बघते. आवाज असा की अर्ध्या वाडीला कळावं. मी चार शब्दांत सांगितलं. ती म्हणाली, "थांब, जातंय मी. म्हाताऱ्याला उचलून आणतंय." पुढची पंचवीस मिनिटं आम्ही दोघं टेबलावर ठेवलेल्या फोनकडे बघत बसलो. टीव्हीतले दगड खाली येत होते, पुन्हा वर जाऊन पुन्हा खाली येत होते. भावाने माझा हात धरला होता. लहानपणी जत्रेत धरायचा, त्यानंतर पहिल्यांदाच.

फोन वाजला. "आणलाय," काकी म्हणाली. "येतच नव्हता. गोळ्या घेतल्यान, छत्री घेतल्यान, आन दाराक कुलूप लावून आलाय. म्हटलं, डोंगराक कुलूप लावतलास काय?"

मी हसले आणि रडले. पण भाऊ हसला नाही. तो म्हणाला, "त्यांना परत जाऊ देऊ नका." हे त्याने मला काकीला तीनदा सांगायला लावलं.

परतीचं विमान सोमवारचं. आधीचं मिळतं का पाहिलं, मिळालं नाही. रविवारी आम्ही हॉटेलच्या खोलीतून बाहेर पडलोच नाही. खिडकीसमोर तसाच एक कापलेला उतार होता, त्याच्या नळ्यांमधून धारा पडत होत्या, आणि आम्ही पलंगाच्या कडेला बसून दिवसभर त्या धारा बघितल्या. मी मनात सारखी म्हणत होते, काही होणार नाही, उगीच घाबरलो, परत गेल्यावर बाबा आमची टर उडवतील. तीन वाजले असतील, काकीचा फोन आला.

"डोंगर आला गो खाली," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक होता. "सैपाकघर गेलं. तुझे बाबा हायत हयसर, माझ्या पडवीत. काय बोलत नाय. नुसते बघतायत."

मंगळवारी सकाळी घरी पोचलो. पुढच्या दोन खोल्या आणि ओटी उभी होती. मागे स्वयंपाकघर नव्हतं, तिथे लाल चिखल होता आणि त्यात दोन कलमं उभीच्या उभी येऊन बसली होती, पानांसकट. आईची भिंत अख्खीच्या अख्खी पुढे पडली होती. गिलावा तेवढा जागोजाग पांढरा दिसत होता. मागचं दार चौकटीतून निघून धुण्याच्या दगडापाशी आडवं झालं होतं. रंधा मारलेली कड अजून कोरी होती. मी त्यावर पाय देऊन पुढे गेले.

बाबा काकीच्या पडवीत खुर्चीवर होते. चार-पाच दिवसांत ते लहान झाल्यासारखे दिसत होते. आम्ही दोघं पायाशी बसलो. ते म्हणाले, "फोटो दाखवा की."

फोटो भावाच्या फोनमध्ये होते. एकामागून एक भिंती, नुसत्या भिंती. बाबांनी प्रत्येक फोटो बोटांनी मोठा करून नीट पाहिला. "ही भोकं बघितलीस?" ते म्हणाले. "गवंडी सांगत होता मला." मग त्यांचं बोट सरकत सरकत हाँगकाँगच्या मागे गेलं. आमच्या बागेचा फोटो आला. काळं प्लास्टिक, त्यावर दगड. निघालो त्या सकाळी काढलेला. प्लास्टिकच्या दोन्ही बाजूंना दोन खुंटे होते आणि मध्ये सुतळी.

"हे माझे खुंटे," बाबा म्हणाले.

भावाने मान खाली घातली.

"आणि दगड तू नीट ठेवले नव्हतेस. तू गेल्यावर मी लावले."

मला समजायला वेळ लागला. जुलैपासून दोघं त्याच भेगेशी जात होते. एक प्लास्टिक घालून यायचा, दुसरा ते उचलून भेग बघायचा आणि परत झाकायचा. दोघांनाही दुसऱ्याचा हात दिसत होता. आणि दोन वेळा एका पंगतीला बसून जेवणाऱ्या माणसांनी त्यावर अवाक्षर काढलं नाही. माझा पुन्हा संताप झाला. मी म्हटलं, "एकाने तरी मला सांगायचंत!"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. फार मायेने बघितलं. "तुला सांगितलं असतं तर तू तिकीट रद्द केलं असतंस," ते म्हणाले. "दर वेळी करतेस तसं. एकदा तरी तू जाऊन यावंस, एवढंच होतं."

"केलं असतं," मी म्हटलं. भावाने मान हलवली. त्या दोघांना त्याबद्दल तिळमात्र शंका नव्हती.

सहलीच्या आदल्या आठवड्यात सुतार दारावर रंधा मारायला बसला, तेव्हा आधी त्याने पिशवीतून ओळंबा काढून चौकटीला लावला होता. दोरी चौकटीपासून दोन बोटं लांब लोंबत होती. "ताई," तो म्हणाला, "दार नाय फुगलंय. चौकट सरकलीय. मागून काहीतरी ढकलतंय. बाबांना बोलवा." बाबा ओटीवरच होते, हाकेच्या अंतरावर. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. पंधरा तारखेवर मी लाल पेनाने गोल काढून ठेवला होता.

"तुम्ही आत्ता रंधा मारा," मी म्हटलं. "चौकटीचं गणपतीनंतर बघू."

हे मी दोघांनाही अजून सांगितलेलं नाही.